‘तपासणी करा’ एवढंच सांगून भागत नाही



मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. तरी प्रोस्टेट कॅन्सरवर बोलतोय, कारण यातला अर्धा प्रश्न माहिती कशी पोहोचवायची याचा आहे. तो आपल्या सगळ्यांचा आहे.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची, अक्रोडाएवढी ग्रंथी. फक्त पुरुषांत असते. तिच्या कॅन्सरचा सुरुवातीला बहुधा काहीच त्रास जाणवत नाही. पुढे जाणवला, तरी लघवीच्या तक्रारीबद्दल बोलायला पुरुष लाजतात. म्हणून जगभर माध्यमांतून मोहिमा निघाल्या. 2003 साली मेलबर्नमध्ये काही मित्रांनी नोव्हेंबरभर मिशा वाढवल्या. त्यातून ‘मोव्हेंबर’ मोहीम उभी राहिली.

अशा प्रचाराची ताकद ब्रिटननं 2018 मध्ये पाहिली. फेब्रुवारीत अभिनेते स्टीफन फ्राय यांनी आपल्या प्रोस्टेट कॅन्सरबद्दल जाहीरपणे सांगितलं. मार्चमध्ये बीबीसीचे निवेदक बिल टर्नबुल बोलले. त्यांचा कॅन्सर हाडांपर्यंत गेला होता. त्या वर्षी एप्रिल ते जुलैमध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत मूत्रमार्गाशी संबंधित कॅन्सरवर उपचार घेणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा 36 टक्क्यांनी वाढली. टर्नबुल 2022 मध्ये गेले, पण त्यांच्या बोलण्यामुळे कितीतरी पुरुष डॉक्टरांपर्यंत पोहोचले.

मग सगळ्यांचीच तपासणी का करू नये? इथे जरा थांबू.

पीएसए ही साधी रक्ततपासणी आहे. पण पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. वयानुसार ग्रंथी मोठी झाली किंवा जंतुसंसर्ग झाला, तरी ते वाढतं. उलट, कधी पीएसए ठीक असतं आणि कॅन्सर असतो. आमच्या कामात सर्व्हरवर नजर ठेवणारी यंत्रणा अलर्ट पाठवते. तिची मर्यादा खाली ठेवली, तर रात्रभर खोटे अलर्ट येतात. वर ठेवली, तर खरा बिघाड निसटतो. पीएसएचं असंच आहे. फरक एवढाच, की इथे अलर्टमागून बायोप्सी येऊ शकते, शस्त्रक्रिया येऊ शकते. त्यातून काहींचा लघवीवरचा ताबा जातो, काहींची लैंगिक क्षमता. आणि कित्येक प्रोस्टेट कॅन्सर इतके संथ असतात, की त्यांनी आयुष्यभर काही बिघडवलं नसतं.

युरोपातल्या मोठ्या अभ्यासात 23 वर्षांनंतर दिसलं, की पीएसए तपासणीला बोलावलेल्या पुरुषांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू 13 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे 456 जणांना बोलावल्यावर एक मृत्यू टळला. फायदा खरा आहे, पण त्याची किंमतही खरी आहे.

म्हणून चांगली मोहीम ‘तपासून घ्या’ असा हुकूम सोडत नाही. ती आधी ‘तुमचा धोका किती’ हे विचारते. ‘प्रोस्टेट कॅन्सर यूके’ ही संस्था हेच करते. वय पन्नाशीपुढे आहे का? वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला होता का? तुम्ही कृष्णवर्णीय आहात का? तिथे चारपैकी एका कृष्णवर्णीय पुरुषाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो; सर्व पुरुषांत आठपैकी एकाला.

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. दुसरीकडे लॅबच्या ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेजमध्ये पीएसए सर्रास असतं. फोनवर रिपोर्ट येतो, आकडा लाल दिसतो आणि समजावायला कुणी नसतं. तो रिपोर्ट घरात पहिल्यांदा वाचणारे बहुधा आपणच असतो.

तेव्हा अब्बांना, चाचांना, मामूंना पॅकेजची जाहिरात फॉरवर्ड करण्याआधी त्यांच्याशी बोला. घराण्यात कुणाला हा आजार होता का, विचारा. तपासणीआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला सांगा: माझ्या वयात या तपासणीचा मला काय फायदा? आकडा वाढलेला आला तर पुढे काय? लगेच उपचार न करता नुसतं लक्ष ठेवता येईल का?

आणि लघवीतून रक्त जात असेल, लघवी अडत असेल, तर हा सगळा हिशोब बाजूला ठेवा. तेव्हा प्रश्न जागृतीचा उरत नाही. त्यांना घेऊन थेट डॉक्टरकडे जा.