परदेशी मजूर आणि स्थानिकांची मजुरी



बाहेरून माणसे आली की आपल्या पोटावर पाय येतो, ही भावना फार जुनी आहे. तिला केवळ द्वेष म्हणून झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. बाजारात माल वाढला की भाव उतरतो. मग मजूर वाढले तर मजुरी का उतरू नये? तर्क सरळ आहे. पण तो पडताळणे अवघड, कारण जिथे काम मुबलक आणि मजुरी चढती असते, तिथेच मजूर बहुधा जातात. त्यामुळे कारण कोणते आणि कार्य कोणते, हे सहसा वेगळे करता येत नाही.

१९८० साली ही अडचण एकदा दूर झाली. क्यूबाच्या सरकारने मारिएल बंदर खुले केले आणि एप्रिल ते ऑक्टोबर या अवधीत सुमारे सव्वा लाख माणसे नावांतून फ्लोरिडाला पोचली. मायामीतील श्रमिकांची संख्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. तरीही स्थानिक अकुशल कामगारांच्या मजुरीवर वा बेकारीवर जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही, असे डेव्हिड कार्ड यांना १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले. २०१७ साली जॉर्ज बोर्हास यांनी (ते स्वतः क्यूबात जन्मलेले) नेमका उलट निष्कर्ष मांडला: ज्यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले, अशा पुरुषांची मजुरी १० ते ३० टक्के घसरली होती. इतका लहान गट निवडला की पाहणीत मोजकीच माणसे उरतात, असा त्यावर आक्षेप आहे. या वादात न शिरता मी दुसरे उदाहरण घेतो. ते मजूर आले तेव्हाचे नाही, ते परत पाठवले तेव्हाचे आहे.

महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, अमेरिका व मेक्सिको यांच्यात करार होऊन मेक्सिकन शेतमजूर ठरावीक मुदतीसाठी अमेरिकेत येऊ लागले. त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत. स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. माणसाला त्याच्या हातांवरूनच ओळखायचे, असा हा शब्द आहे. २२ वर्षांत असे सुमारे ४५ लाख करारनामे झाले. यांच्यामुळे देशी शेतमजुरांची मजुरी दबून राहते, असा आक्षेप वाढत गेला आणि १९६४ च्या अखेरीस ही योजना बंद करण्यात आली.

आता मजुरी वाढायला हवी होती. मायकेल क्लेमेन्स, ईथन लुईस आणि हॅना पोस्टेल यांनी २०१८ मध्ये राज्यवार आकडे तपासले. जिथे ब्रासेरो पुष्कळ होते आणि जिथे एकही नव्हता, अशा दोन्ही प्रकारच्या राज्यांत शेतमजुरी पुढे जवळपास सारख्याच गतीने वाढली होती.

मग रिकाम्या झालेल्या जागा गेल्या कुठे? त्याचे उत्तर कॅलिफोर्नियातील टोमॅटोच्या शेतांत मिळते. डेव्हिस येथील विद्यापीठात जॅक हॅना यंत्राचा मार सोसणारा, एकाच वेळी पिकणारा टोमॅटो घडवीत होते, तर कोबी लोरेन्झन तो काढणारे यंत्र. हाताची तोडणी स्वस्त होती तोवर त्या यंत्राकडे फारसे कोणी वळले नाही. ब्रासेरो गेले, आणि दशक संपता संपता तिथला डबाबंदीसाठीचा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. स्ट्रॉबेरी आणि ॲस्परॅगस यांना असे यंत्र नव्हते. त्यांचे उत्पादनच घटले. शेतमालकापुढे जादा मजुरी किंवा परदेशी मजूर एवढे दोनच मार्ग असतात, हे आपले गृहीत तिथे साफ चुकले.

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. ब्रासेरो असताना त्यांना पुढे करून संप मोडता येत. ते गेल्यावर, १९६५ मध्ये, डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांनी संप पुकारला आणि १९७० मध्ये करार पदरात पाडून घेतले. योजना बंद होण्याचा तेवढा लाभ झाला, पण तो संघटनेच्या वाटेने आला. आणि त्या संपकऱ्यांतही बाहेरून आलेले पुष्कळ होते.

टोमॅटोच्या यंत्रावर उभे राहून फळे निवडण्याचे काम बहुधा स्त्रिया करीत. १९७० नंतरच्या दशकात रंग ओळखणारी विद्युत्-यंत्रे आली आणि त्याही कमी झाल्या. १९७९ साली शेतमजुरांच्या वतीने विद्यापीठावरच दावा गुदरण्यात आला. जनतेच्या पैशातून मजुरांना बेकार करणारे संशोधन का चालावे, असा त्यांचा प्रश्न होता. ब्रासेरो जाऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती.