हेग्गोडूची नाट्यशाळा

कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात, सागर तालुक्यात, सुपारीच्या बागांमध्ये वसलेले हेग्गोडू हे लहानसे खेडे. तेथील ‘नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ’ ‘नीनासम’ या नावाने देशभर ओळखला जातो. १९४९ साली गावातल्या हौशी मंडळींनी तो स्थापन केला. के. व्ही. सुब्बण्णा हे त्यामागचे मुख्य बळ. म्हैसूरचे शिक्षण आटोपून ते गावी परतले आणि बागायत सांभाळत नाटक, ग्रंथप्रकाशन व अनुवाद करत राहिले. १९९१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

संघाची नाट्यशाळा मात्र १९८० सालची, म्हणजे एकतीस वर्षांनंतरची. आधी प्रेक्षक घडला, मग शाळा आली. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. शाळेचा अभ्यासक्रम एका वर्षाचा असून शिकवणे कन्नडमधून चालते. विद्यार्थी आवाज आणि शरीर कमावतात, नाट्यवाङ्मय वाचतात, यक्षगान या कर्नाटकातल्या लोकनाट्याची ओळख करून घेतात. आणि त्याचबरोबर नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा, प्रकाशयोजना ही कामेही हाताने करतात. अभिनय शिकायला आलेल्याने पडद्यामागचे काम का करावे, याचे उत्तर नाटक उभे राहताना आपोआप मिळते. रंगमंचावर उजेड कुठून पडतो हे ज्याने स्वतः दिवा लावून पाहिले आहे, त्याला आपण कुठे उभे राहायचे हे सांगावे लागत नाही.

शिकून बाहेर पडलेल्या नटाने पुढे करायचे काय, हा प्रश्न प्रत्येक नाट्यशाळेपुढे असतो. नीनासमने १९८५ मध्ये ‘तिरुगाट’ ही फिरती नाटकमंडळी काढून त्याला उत्तर दिले. पावसाळ्यात तालमी होतात आणि पाऊस सरला की नट, तंत्रज्ञ, नेपथ्य व दिवे घेऊन मंडळी कर्नाटकभर दौऱ्यावर निघते. रोज नवे गाव, नवा रंगमंच. कुठे शाळेचे पटांगण, कुठे नाट्यगृह. शेक्सपिअर, ब्रेख्त आणि संस्कृत नाटके खेड्यातल्या प्रेक्षकांपर्यंत कन्नडमधून पोचली, ती अशा दौऱ्यांमुळे. नटालाही वर्गात न मिळणारे शिक्षण येथे मिळते. तेच नाटक पुन्हापुन्हा करूनही ते ताजे ठेवावे लागते.

सुब्बण्णांचे २००५ मध्ये निधन झाले. त्यांचे पुत्र, नाटककार व दिग्दर्शक के. व्ही. अक्षर यांनी हे काम पुढे नेले. शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी काही जण सिनेमा-मालिकांत गेले, तर अनेकांनी आपापल्या गावी नाट्यसंस्था काढल्या आणि शाळकरी मुलांना नाटक शिकवायला घेतले.