लाटेचा वापसा



सातारकरांनी कराड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण आणि पुढं गुहागर. सांगलीकरांना आंबा घाट नाहीतर फोंडा घाट. वाट सगळ्यांना पाठ आहे. पण हल्लीच्या पोरांना नुसते पाय भिजवायचे नसतात, फळीवर उभं राहून लाट घ्यायची असते. घ्या की! माझी तक्रार आहे ती पंधरा ऑगस्टला सुट्टी जोडून आली म्हणून मालवण गाठणाऱ्यांबद्दल. खोलीचं भाडं चार ठिकाणी विचारतील, वारा कुठून आहे ते एका ठिकाणी विचारणार नाहीत.

अहो, पाऊस उघडला म्हणून लगेच कुणी कुरी धरतं का? वापसा यावा लागतो. वरून रान सुकलेलं दिसतं, आत चिखलच. दर्याचंही तेच. घाटावर ऊन पडलं म्हणजे पाणी निवळलं असं नव्हे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा थेट आपल्या किनाऱ्यावर येतो. लाट मोठी असते, पण फुटकी. एकीचा फेस ओसरायच्या आत दुसरी अंगावर. फळी घेऊन आतच जाता येत नाही, आणि पायाखाली ओढ असते ती वेगळीच. ज्याचं पोट समुद्रावर आहे तो कोळीसुद्धा नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर होडी लोटतो. मग आपल्यालाच एवढी घाई कसली?

वापसा येतो ऑक्टोबरात. पुढं फेब्रुवारीपर्यंत लाट गुडघ्या-कमरेएवढी. शिकणाऱ्याला हीच बरी. गोव्यात आश्वे आहे, मंगळूरजवळ मुल्की आहे. मुल्कीचा मंत्र सर्फ क्लब तर २००४ पासूनचा. एप्रिल-मेमध्ये दूर दक्षिणेच्या महासागरातून लांब, सुटी-सुटी लाट येते, पण ती सरावलेल्यांसाठी. शिवाय मेमध्ये वादळाची बातमी ऐकूनच निघायचं. २०२१चं तौक्ते मेमध्येच आलं होतं.

आणि ऑगस्टातच जायचं असेल तर आपली कृष्णा जाते तिकडं जा, पूर्वेला. तमिळनाडूत महाबलीपुरमला तेव्हा सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडं वाहतो, लाटेला तोलून धरतो. २०२५च्या ऑगस्टात आशियाई सर्फिंग स्पर्धा तिथंच झाली, आपल्या रमेश बुदिहाळनं कांस्यपदक घेतलं. नवख्यानं मात्र तिथंही शिक्षकाशिवाय पाण्यात उतरू नये.

पुन्हा सांगतो, कुणी आत्ताच रेडिओ लावला असेल: जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर फळी नको. सुट्टी मागाहून बघा, आधी महिना बघा.

काचेपलीकडून खूण झाली. आपल्या कोकणातल्या भरतीचं थोडक्यात सांगतो. तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाचं मात्र राहिलंच, ते तिथल्या कोळ्यांना विचारा.