फाईल डिलीट का होत नाही? विंडोजच्या आत शिरायची एक वाट

आज सिस्टिम प्रोग्रॅमिंगबद्दल बोलूया, आणि तेही विंडोजवरचं. लिनक्सवाल्यांनो, लगेच पळू नका, तुमचाही विषय मध्ये येणार आहे.

इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर आपण सगळ्यांनीच दिलाय. बँकर्स अल्गोरिदमची कोष्टकं भरली, पेज रिप्लेसमेंटची गणितं सोडवली. पण आपल्याच लॅपटॉपवर एखादी फाईल डिलीट होत नाही, 'ही फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे' असा मेसेज येतो, तेव्हा हे नक्की कोण बोलतंय ते त्या पेपरातून कळत नाही. मला वाटतं, शिकायला सुरुवात इथूनच करावी. 'मला कर्नल ड्रायव्हर लिहायचाय' म्हणून पहिल्याच दिवशी उडी मारणारे बरेच जण आठवड्याभरात परत वेब डेव्हलपमेंटला लागतात.

तर, त्या मेसेजच्या मागे काय असतं? विंडोजवर फाईल उघडायचं फंक्शन म्हणजे क्रिएटफाईल. नाव फसवं आहे, कारण असलेली फाईल उघडायलाही हेच वापरतात. त्याला सात पॅरामीटर लागतात आणि तिसरा असतो शेअर मोड. म्हणजे 'मी ही फाईल धरून बसलोय तोवर बाकीच्यांना काय करू द्यायचं?' तिथे शून्य दिलं की कुणालाच काही करता येत नाही.

फोनवर ऐकताय, म्हणून कोड वाचून दाखवत नाही. पण घरी गेल्यावर सी मध्ये वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहा. एक टेक्स्ट फाईल फक्त वाचायला उघडा, शेअर मोड शून्य ठेवा आणि एंटर दाबेपर्यंत थांबून राहा. आता तीच फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा. उघडणार नाही. तुमच्याच दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडायला गेलात, तर गेटलास्टएरर ३२ हा आकडा देईल. त्याचं नाव शेअरिंग व्हायोलेशन. मग शेअर मोडमध्ये वाचायची परवानगी द्या. नोटपॅड उघडेल, पण डिलीट अजूनही होणार नाही, कारण डिलीटची परवानगी वेगळी द्यावी लागते. इतकी वर्षं चिडचिड करणारा तो मेसेज आता तुम्ही स्वतः तयार करू शकता!

लिनक्सवर हे वेगळं चालतं. तिथे उघडी फाईलसुद्धा डिलीट करता येते. नाव लगेच जातं, पण ज्याने ती उघडली आहे तो ती बंद करेपर्यंत आतला डेटा जिवंत राहतो. यात बरोबर कोण, या वादात मी पडत नाही. पण दोन्हीकडे एकच प्रयोग केला की ऑपरेटिंग सिस्टिम हे कुणीतरी घेतलेल्या निर्णयांचं गाठोडं आहे, हे समजतं.

पुढची पायरी, हा कॉल जातो कुठे? क्रिएटफाईल शेवटी एनटीडीएलएल नावाच्या लायब्ररीत पोचतं. तिथलं एनटीक्रिएटफाईल सिस्टिम कॉल करतं आणि प्रोसेसर कर्नल मोडमध्ये शिरतो. त्या सिस्टिम कॉलचे नंबर विंडोजच्या व्हर्जनप्रमाणे बदलतात. म्हणून यूट्यूबवर बघून थेट नंबर वापरायच्या भानगडीत पडू नका. विन३२ फंक्शनंच वापरा.

एक खोच सांगून ठेवतो. क्रिएटफाईल फसलं तर नल मिळत नाही, उणे एक मिळतो. क्रिएटइव्हेंट फसलं तर मात्र नल मिळतो. का? इतिहास, दुसरं काय! त्यामुळे प्रत्येक फंक्शनच्या डॉक्युमेंटेशनमधला 'रिटर्न व्हॅल्यू' हा भाग आधी वाचायचा.

उघडलेलं हँडल बंद करायची सवयही आत्ताच लावा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून 'हँडल्स' हा कॉलम सुरू करा. मग लूपमध्ये फाईल उघडत राहा, बंद करू नका, आणि आकडा चढताना बघा. प्रोग्रॅम संपला की कर्नल सगळं आवरून टाकतं, म्हणून कॉलेजच्या असाइनमेंटमध्ये ही चूक दिसतच नाही. महिनोन्महिने चालणाऱ्या सर्व्हिसमध्ये दिसते.

आता एक फुकटचं टूल, प्रोसेस मॉनिटर. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्सच्या घरातलं. २००६ मध्ये ते सगळं मायक्रोसॉफ्टकडे गेलं. फिल्टरमध्ये फक्त नोटपॅड ठेवा आणि नोटपॅड सुरू करा. एक साधी खिडकी उघडायला किती फायली आणि रजिस्ट्रीच्या किती नोंदी चाळल्या जातात ते बघा. यात एक संध्याकाळ सहज जाते, आणि जाऊ द्या.

मग ड्रायव्हर कधी? १९ जुलै २०२४ आठवतंय? क्राउडस्ट्राइकचं एक सदोष अपडेट आलं, त्यांच्या कर्नलमधल्या ड्रायव्हरने हद्दीबाहेरची मेमरी वाचली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर गेली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. साध्या प्रोग्रॅममध्ये हीच चूक झाली असती तर तो एक प्रोग्रॅम बंद पडला असता. कर्नलमध्ये अख्खं मशीन पडतं. अँटीव्हायरसला तिथे शिरावंच लागतं, पुण्याच्या क्विक हीलपासून सगळ्यांना, कारण फाईल उघडण्याआधी तपासायची असते. शिकणाऱ्याला मात्र घाई नाही. ड्रायव्हर लिहायचा तेव्हा व्हर्च्युअल मशीनमध्येच लिहा, ज्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट रिपोर्ट आहे त्यावर नाही. आठ जीबी रॅममध्ये ते रडतखडत चालेल, पण चालेल.

पुस्तकांचं विचाराल तर पावेल योसिफोविच यांचं 'विंडोज १० सिस्टिम प्रोग्रॅमिंग' आधी घ्या. 'विंडोज इंटर्नल्स' जाडजूड आहे. ते सलग वाचायला बसू नका. प्रयोग करताना जिथे अडाल तेवढंच प्रकरण उघडा. आणि पहिलं अडणार ते हँडलपाशीच, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.