पहाटेचा एकांत, दिवसाची सेवा
(सहायकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा सारांश)





"पाड्यांवर एवढं काम असतं, मग प्रार्थनेला वेळ कधी काढता?" असं मला मंडळ्यांतून नेहमी विचारलं जातं. हा प्रश्न तुमच्याही घरात आहेच. सकाळी डबे, मुलांची शाळा, गाडीची वेळ; संध्याकाळी स्वयंपाक, अभ्यास आणि हातातला फोन. रविवारी आपण उपासनेला बसतो, पण मन सोमवारच्या कामात असतं.

मार्ककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचा. शब्बाथाच्या त्या एका दिवसात प्रभूने कफर्णहूमच्या सभास्थानात शिक्षण दिलं, अशुद्ध आत्म्याने पछाडलेल्या माणसाला सोडवलं, शिमोनाच्या सासूचा ताप उतरवला. सूर्य मावळल्यावर सारं गाव दाराशी जमलं. इतक्या दगदगीनंतर आपण उशिरापर्यंत झोपलो असतो. प्रभू मात्र अंधार असतानाच उठून एकांती प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले. सगळे त्याची वाट पाहत होते. तरी तो मागे न फिरता शेजारच्या गावांकडे निघाला. लोकांची गरज खोटी नव्हती. पण पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे त्याने गर्दीला नाही, पित्याला विचारलं.

एकांत आपल्याला सेवेपासून दूर नेत नाही. समोरचं माणूस पाहायला शिकवतो. आमच्या एका ज्येष्ठ सहकारी भगिनींमध्ये मी हे पाहते. पहाटे वचन वाचून थोडा वेळ गप्प बसल्याशिवाय त्या घराबाहेर पडत नाहीत. एकदा पाड्यावर बालकांची वजनं घेणं चालू होतं. रांग मोठी, परतीची गाडी चुकण्याची धास्ती. एका आईच्या लेकराचं वजन कमी भरलं, नोंद झाली, पुढचं नाव पुकारलं. ती आई मात्र उठेना. या भगिनी तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या, काही न विचारता. बऱ्याच वेळाने ती बोलली. नवऱ्याने वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतली होती. दिवाळीनंतर सगळं घर भट्टीवर जाणार होतं. म्हणजे लेकराचा आहार आणि औषध दोन्ही तुटणार. आमच्या तक्त्यात याला रकाना नव्हता. उचल फिटल्याशिवाय त्यांचं जाणं टळणार नव्हतं, पण लेकरू आजीजवळ राहिलं आणि अंगणवाडीचा आहार चालू राहिला. त्या दहा मिनिटांच्या मागे रोजची पहाट होती, असं मी मानते.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून आणलेल्या मुलींचा आणि स्त्रियांचा केवढा मोठा संसार त्यांनी केडगावला सांभाळला! त्यांचं जेवणखाण, आजारपण, शिक्षण, शेती, छापखाना, सगळं पाहून त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या. १९२२ मध्ये प्रभूने त्यांना बोलावलं, त्याच्या थोडं आधी ते काम पुरं झालं. त्यांच्यापाशी फावला वेळ नव्हता. वचनासाठी त्यांनी वेळ राखून ठेवला.

म्हणून आज वर्गणीच्या आधी एक विनंती करते. रोज दहा मिनिटं राखा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मागण्यांची यादी लगेच वाचू नका. शास्त्राचा छोटा भाग वाचा आणि थांबा. तान्हं बाळ असेल, घरी आजारी माणूस असेल, तर चुलीपाशी किंवा उशाशी बसूनही पित्याशी बोलता येतं. मग त्या दिवशी भेटणाऱ्या एका माणसाचं बोलणं घड्याळ न पाहता ऐका.

आणि भट्ट्यांकडे निघालेल्या कुटुंबांची आठवण त्या दहा मिनिटांत जरूर करा. प्रभू आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.