पहिल्या कादंबरीची सोळा वर्षे



प्रेमकथा लिहिणाऱ्या लेखिकेविषयी वाचकांच्या मनात एक ठाम समजूत असते. तिच्या आयुष्यात कोणी तरी आला असावा, दुरावला असावा आणि त्या जखमेतूनच कादंबरी पाझरली असावी. जेन ऑस्टिनच्या बाबतीतही हा समज हौसेने जोपासला गेला आहे. १७९५ च्या नाताळात टॉम लेफ्रॉय नावाचा आयरिश तरुण शेजारच्या गावी पाहुणा आला. दोघे नृत्यसमारंभांत भेटली, रमली. आणि दोघांपाशीही पैसा नाही हे ओळखून त्याच्या वडीलधाऱ्यांनी त्याची लवकरच रवानगी केली. घटना खरी आहे, जेनच्या पत्रांत तिचे पडसादही आहेत. परंतु ऑस्टिन घराण्यातील आठवणींप्रमाणे ‘एलिनोर अँड मेरिअन’ हा तिच्या पहिल्या कादंबरीचा पत्ररूप खर्डा १७९६ साल उजाडण्यापूर्वीच घरात वाचला गेला होता. हाच खर्डा १८११ मध्ये ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ म्हणून प्रसिद्ध झाला. तेव्हा प्रेरणेचा उगम अन्यत्र शोधणे भाग आहे.

तो उगम प्रथम सापडतो तो पुस्तकांत. हॅम्पशरमधील स्टीव्हन्टन या खेड्यात तिचे वडील धर्मोपदेशक होते. घरी विद्यार्थी ठेवून शिकवीत. त्यांच्या संग्रही सुमारे पाचशे ग्रंथ होते आणि ते मुलींना मोकळे होते. रिचर्डसनच्या पत्ररूप कादंबऱ्या जेनच्या आवडीच्या. पहिला खर्डा पत्रांतून लिहिला गेला, त्याचे नवल वाटायला नको. फॅनी बर्नीची ‘कॅमिला’ १७९६ मध्ये आगाऊ वर्गणीदारांच्या आश्रयाने निघाली. त्या वर्गणीदारांच्या यादीत स्टीव्हन्टनच्या मिस जे. ऑस्टिनचे नाव छापलेले आहे. १७९८ मध्ये परिसरातील एका बाईंनी वर्गणीचे वाचनालय काढले. आपल्याकडे केवळ कादंबऱ्याच नसतील, असे आश्वासन त्यांनी दिले होते. कादंबरीवाचन हा त्या काळी काहीसा चोरटा शौक मानला जाई. जेनने बहिणीला मिस्किलपणे कळवले की आपल्या घराला हे आश्वासन देण्याचे कारण नव्हते. येथे सारेच कादंबऱ्यांचे वाचक आणि त्याची कोणाला लाजही नाही.

दुसरा उगम अधिक कोरडा आहे, आणि तोच अधिक महत्त्वाचा. तो म्हणजे स्त्रीच्या पदरी असलेला पैसा. कादंबरीच्या दुसऱ्याच प्रकरणात सावत्र भाऊ जॉन डॅशवुड आपल्या बहिणींना तीन हजार पौंड देण्याचा संकल्प करतो. पत्नीच्या गोड युक्तिवादापुढे ती रक्कम निम्मी होते, मग शंभराच्या वर्षासनावर येते आणि अखेरीस शेजारधर्माच्या किरकोळ मदतीवर येऊन थांबते. कोणी आवाज चढवीत नाही, कोणी दुष्टही नाही. एवढ्या संभाषणात चार स्त्रियांचे भवितव्य ठरून जाते. पुढे मेरिअनला झिडकारून विलोबी पन्नास हजार पौंडांच्या मुलीशी लग्न करतो, तेव्हा प्रेमभंगाचे दुःख आणि हिशेब यांची गाठ पक्की बसते. या लेखिकेची प्रेमकथा हिशेबाच्या वहीशेजारी बसून लिहिलेली आहे. म्हणूनच ती भाबडी होत नाही.

हा हिशेब तिच्याही वाट्याला आला. १७९७ मध्ये वडिलांनी तिची दुसरी एक कादंबरी लंडनच्या प्रकाशकाला देऊ केली. न पाहताच उलट टपाली नकार आला. त्याच सुमारास तिने पहिला खर्डा पत्रांतून सोडवून कथनरूपात आणावयास घेतला. १८०१ मध्ये वडिलांनी घर मोडून बाथ गाठले. ग्रंथही विकले गेले. १८०३ मध्ये ‘सुझन’ ही कादंबरी दहा पौंडांना एका प्रकाशकाने घेतली आणि छापलीच नाही. १८०५ मध्ये वडील वारले. आई आणि दोन अविवाहित मुली भावांच्या मदतीवर अवलंबून राहिल्या. हे भाऊ जॉन डॅशवुडसारखे निघाले नाहीत, हे तिचे भाग्य. पण दर वर्षी बिऱ्हाड हलवण्याची वेळ आली की लेखणी आधी बाजूला पडते. १८०९ मध्ये तिने टोपणनावाने त्या प्रकाशकाला ‘सुझन’विषयी विचारले. दहा पौंड भरा आणि हस्तलिखित न्या, असे उत्तर आले. तेवढे पैसे तेव्हा उभे राहिले नाहीत.

त्याच वर्षी भाऊ एडवर्डने चॉटन येथील घर राहण्यास दिले. तेथील करकरणाऱ्या दाराची कथा सर्वश्रुत आहे: कोणी आले की दार वाजे आणि ती कागद झाकी. भाच्याने १८७० च्या चरित्रात ती सांगितली. कथा गोड आहे, पण लेखन घडले ते दारामुळे नव्हे. बहीण कॅसँड्राने घरकामाचा भार उचलला. जेनकडे सकाळची न्याहारी आणि चहा-साखरेचा साठा एवढेच राहिले. एका स्त्रीला लिहिता यावे म्हणून दुसरीने स्वयंपाकघर सांभाळले. चरित्रकारांनी दाराइतकी दखल या वाटणीची घेतली असती तर बरे झाले असते.

३० ऑक्टोबर १८११ रोजी कादंबरी तीन भागांत निघाली. प्रकाशक टॉमस एगर्टन लष्करी ग्रंथांसाठी प्रसिद्ध. त्याने जोखीम लेखिकेवर ठेवली, म्हणजे तोटा आला तर तो तिने भरावयाचा. तिने नुकसानीसाठी पैसे बाजूला काढल्याचे भावाने नमूद केले आहे. किंमत पंधरा शिलिंग होती. असे पुस्तक पुष्कळांच्या हाती पोहोचे ते फिरत्या वाचनालयांतूनच. १८१३ च्या जुलैपर्यंत आवृत्ती संपली आणि तिला एकशे चाळीस पौंड मिळाले. मुखपृष्ठावर मात्र नाव नव्हते. ‘एका स्त्रीकृत’ एवढाच उल्लेख. मराठीत १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’वर आलेले विभावरी शिरूरकर हे टोपणनाव ज्यांना स्मरते, त्यांना या पडद्याची गरज वेगळी समजावून सांगावयास नको.

घरातसुद्धा हे गुपित मोजक्यांनाच ठाऊक होते. एकदा जेन आपली भाची ॲना हिच्यासह जवळच्या ऑल्टन गावच्या वाचनालयात गेली. ॲनाने मेजावरील ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ उचलली, नाव वाचले, नावावरूनच हे टाकाऊ दिसते म्हणाली आणि पुस्तक खाली टाकले. आत्याबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना मोठी गंमत वाटली.