मूत्राशयाचे दुखणे उलटते ते का?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात वैद्यकीय साहाय्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल दिवशी कर्करोगाचा विषय काढावा की नाही, याचा आम्ही समितीत बराच खल केला. परंतु न्यासाकडे शस्त्रक्रियेसाठी अर्ज येतात, आपण यथाशक्ति साहाय्य करतो, गाठ निघते, घरी पेढे वाटले जातात. आणि नंतरच्या तपासणीसाठी मात्र क्वचितच कोणी अर्ज घेऊन येतो. मूत्राशयाच्या कर्करोगात तर निम्मे काम तेथून पुढेच असते. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

या रोगाचे नाव आपल्या घरांतून फारसे घेतले जात नसे. 2021 साली चित्रपट-दिग्दर्शक श्री. महेश मांजरेकर यांची यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले, तेव्हा पुष्कळांना असा काही रोग असतो हे कळले. लघवीवाटे रक्त जाते, दुखत मात्र नाही. म्हणून माणूस स्वस्थ बसतो. स्त्रियांच्या बाबतीत तर उष्णतेवर खापर फोडून महिने निघून जातात.

सुदैवाने दर चारांपैकी सुमारे तीन रुग्णांत गाठ मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरती असते. मूत्रमार्गाने दुर्बीण घालून ती खरवडून काढता येते आणि मूत्राशय शाबूत राहते. पण शेतातले हरळीचे एक बेट खणून काढले म्हणजे सारे शेत निर्मळ झाले असे होत नाही. तेच विष वर्षानुवर्षे सगळ्या अस्तराला लागलेले असते.

मग कोणाचे दुखणे उलटते? युरोपातील कर्करोग-संशोधकांनी 2006 साली 2,596 रुग्णांचा हिशेब मांडला. कोणात पहिल्या वर्षी उलटण्याचा संभव शेकडा 15, तर कोणात 61. पाच वर्षांत तोच शेकडा 31 पासून 78 पर्यंत. एवढे अंतर का पडावे? गाठ एक होती की अनेक, तीन सेंटिमीटरहून लहान की मोठी, आणि पूर्वी कधी उलटली होती काय, या तीन गोष्टींचे वजन सर्वांत जास्त. गाठ किती खोल गेली, पेशी किती उग्र आहेत, आणि चपटा, सहज न दिसणारा कर्करोग सोबत आहे काय, यांवरून रोग खाली स्नायूत उतरण्याची धास्ती मोजतात. त्या रुग्णांपैकी फार थोड्यांना बी.सी.जी. मिळाली होती, तेव्हा आजच्या रुग्णाने हे आकडे ऐकून खचून जाण्याचे कारण नाही.

होय, बी.सी.जी.; लहान मुलांच्या दंडावर टोचतात तीच लस. कालमेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांची ती लस 1921 पासून क्षयासाठी वापरात आली. कॅनडातील डॉ. मोरालेस यांनी 1976 साली ती मूत्राशयात सोडल्याचे परिणाम प्रसिद्ध केले. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही या उपचारासाठी ती तयार होते. आठवड्याला एक अशा सहा मात्रा, आणि पुढे वर्ष ते तीन वर्षे अधूनमधून. जळजळ होते, अंगात कणकण येते आणि लोक मध्येच सोडून देतात. सोसवत नसेल तर डॉक्टरांना सांगावे; ताप चढला किंवा उतरेनासा झाला तर त्याच दिवशी सांगावे. पण आपल्याच मनाने बंद करू नये.

आणखी एक गैरसमज. खोल गेलेल्या गाठीत दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा खरवडण्यास सांगतात. ‘पहिली शस्त्रक्रिया बिघडली वाटते’ असे नातलग कुजबुजतात. तसे नव्हे. मागे राहिलेला अंश शोधण्यासाठीच ती दुसरी फेरी असते, आणि अंश राहून जाणे हे तर उलटण्याचे उघड कारण आहे.

एवढे सारे अहवालात लिहिलेले असते. ते बदलणे रुग्णाच्या हाती नाही. बिडी त्याच्या हाती आहे. आपला मध्य प्रदेश तेंदूच्या पानांचा देश, बिडी येथे पानसुपारीसारखी पुढे केली जाते. धुरातील विष रक्तातून मूत्रपिंडात गाळले जाते आणि मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते. उपचारानंतरही ओढणाऱ्यांत दुखणे उलटण्याचे प्रमाण अधिक आढळते. ‘काकांचे वय झाले, आता कशाला त्यांची बिडी तोडता?’ ही माया आम्हांला मुळीच पटत नाही. घरातील धाकट्यांनीही त्यांच्यासमोर ओढू नये.

रंगांचेही असेच. जर्मन शस्त्रवैद्य रेन यांनी 1895 साली रंगाच्या कारखान्यातील कामगारांत हा रोग दाखवून दिला. इंदूरच्या हुकूमचंद मिलसारख्या गिरण्या बंद पडून काळ लोटला, तरी ज्यांचे आयुष्य रंगखात्यात गेले त्यांनी ते डॉक्टरांना सांगून ठेवावे. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर तेही सांगावे. 2013 साली सरकारने ते औषध काही दिवस थांबवून, पुढे याच रोगाच्या इशाऱ्यासह परत खुले केले.

काय खावे, असे आम्हांला नेहमी विचारतात. अमुक पाला किंवा काढा घेतल्याने हे दुखणे उलटत नाही असे सिद्ध झालेले नाही. त्यावर पैसे घालवण्यापेक्षा तेच दुर्बिणीच्या तपासणीला जाण्यायेण्यासाठी ठेवावेत. पहिली तपासणी तिसऱ्या महिन्यात. धोका थोडा असेल तर पुढची वर्षाने, आणि मग दरसाल. धोका मोठा असेल तर दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, त्यापुढे दरसाल. लघवी स्वच्छ दिसते म्हणून तारीख चुकवू नये; लहान गाठ रक्त न दाखवताही वाढते.

म्हणून समितीची सूचना अशी आहे की शस्त्रक्रियेचा अर्ज मंजूर करतानाच पुढील तपासण्यांच्या तारखा त्याच कागदावर लिहून घ्याव्यात, आणि एम. वाय. रुग्णालयापर्यंतचे रिक्षाभाडे व एका सोबत्याची त्या दिवसाची मजुरी साहाय्यात धरावी. रामबाग व लोकमान्यनगरातील तरुण मंडळींनी आठवडाभर आधी घरी जाऊन आठवण द्यावी. अर्जासोबत गाठीच्या तपासणीचा मूळ अहवाल आणावा. त्याची नक्कल कार्यालयात ठेवू, म्हणजे घरचा कागद हरवला तरी अडणार नाही.